एक्लॅम्पसियातील मेंदू

गरोदरपणाच्या उत्तरार्धात, प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी किंवा प्रसूतीनंतरच्या दिवसांत एखाद्या स्त्रीला सर्वांगाचे झटके येऊन तिची शुद्ध हरपली आणि त्यामागे अपस्मार, मेंदूतील गाठ, संसर्ग यांसारखे दुसरे कारण सापडले नाही, तर त्या अवस्थेला वैद्यकशास्त्रात एक्लॅम्पसिया म्हणतात. हा विकार प्रथम ओळखला गेला तो झटक्यांवरूनच. फ्रान्समधील बोआस्ये द सोव्हाज यांनी १७३९ साली या झटक्यांना अपस्मारापासून वेगळे काढले. लंडनच्या गायज रुग्णालयातील जॉन लेव्हर यांनी १८४३ मध्ये अशा स्त्रियांच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन आढळते असे दाखवले. आणि रिव्हा-रोची यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन १८९६ मध्ये तयार केल्यानंतर वर्षभरातच पॅरिसच्या वाकेझ आणि नोबेकूर यांनी या स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला असतो हे नोंदवले. यानंतर विसाव्या शतकाचा मोठा काळ हा विकार रक्तदाबाचा आणि मूत्रपिंडांचा मानला गेला आणि ज्या इंद्रियामुळे त्याला नाव मिळाले होते तो मेंदू मागे पडला. एमआरआय तपासणी सर्रास उपलब्ध झाल्यावर, म्हणजे गेल्या तीसेक वर्षांत, मेंदूकडे पुन्हा लक्ष गेले आणि त्यातून जे हाती आले त्याने उपचारांमागचा विचारही पुष्कळसा बदलला.

झटक्यांच्या आधीची अवस्था प्रीएक्लॅम्पसिया या नावाने ओळखली जाते. गरोदरपणाचे २० आठवडे पूर्ण झाल्यावर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होणे आणि त्यासोबत २४ तासांच्या लघवीतून ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रथिन जाणे ही तिची जुनी व्याख्या होती. आता प्रथिन न सापडताही रक्तबिंबिका कमी होणे, यकृत वा मूत्रपिंडाचे काम बिघडणे, न थांबणारी डोकेदुखी किंवा दृष्टीतील बिघाड यांवरून निदान करता येते. रक्तदाब १६०/११० किंवा त्याहून अधिक झाला तर विकार तीव्र मानतात. पाठ्यपुस्तकांतील मांडणीमुळे असा समज होतो की आधी सौम्य, मग तीव्र आणि शेवटी झटके अशी ही पायऱ्यापायऱ्यांची चढण आहे. प्रत्यक्षात तसे घडतेच असे नाही. ब्रिटनमध्ये १९९२ या एका वर्षातील सर्व रुग्णांचा जो आढावा डग्लस आणि रेडमन यांनी घेतला, त्यात ३८ टक्के स्त्रियांना पहिला झटका आला तेव्हा वाढलेला रक्तदाब आणि लघवीतील प्रथिन या दोन्हींची नोंद झालेली नव्हती. त्याच आढाव्यात ४४ टक्के स्त्रियांना झटके आले ते प्रसूतीनंतर. एक्लॅम्पसिया म्हणजे केवळ फार चढलेला रक्तदाब नव्हे, हे एवढ्यावरून मान्य करावे लागते. आणि तसे असेल तर मेंदूत नेमके काय बिघडते हा प्रश्न उभा राहतो.

बिघाडाची सुरुवात मेंदूपासून दूर, वारेत होते. गर्भाशयाच्या भिंतीतील सर्पिल धमन्या गरोदरपणाच्या पूर्वार्धात रुंद आणि सैल व्हाव्या लागतात, म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळते; ज्या स्त्रियांत हे रूपांतर अर्धवट राहते त्यांच्या वारेला रक्त कमी पडते आणि ती आईच्या रक्तात काही घातक प्रथिने अधिक प्रमाणात सोडू लागते. बॉस्टनमधील अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यांपैकी एसफ्लिट-१ या प्रथिनाकडे लक्ष वेधले. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला, म्हणजे अंतःस्तराला, निरोगी राहण्यासाठी वाढीचे काही घटक रक्तातून सतत मिळावे लागतात. एसफ्लिट-१ हे घटक वाटेतच पकडून निष्प्रभ करते. गाभण उंदरांना हे प्रथिन दिले असता त्यांचा रक्तदाब वाढला, लघवीतून प्रथिन जाऊ लागले आणि मूत्रपिंडांत या विकाराला साजेसे बदल दिसले. अंतःस्तर शरीरभर असल्यामुळे त्याचा बिघाडही शरीरभर होतो: मूत्रपिंडात तो प्रथिन गळण्याच्या रूपाने दिसतो, यकृतात बरगड्यांखालच्या दुखण्याच्या रूपाने, आणि मेंदूत झटक्यांच्या.

मेंदूतील अंतःस्तर मात्र इतर ठिकाणच्यासारखा नसतो. तेथील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जुळलेल्या असतात की रक्तातील बहुतेक पदार्थ मेंदूच्या ऊतीत शिरू शकत नाहीत. या रचनेला रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. त्याच्या जोडीला स्वयंनियमन ही आणखी एक व्यवस्था असते. पाटाला पाणी कमी आले की दार उघडायचे आणि जास्त आले की आवळायचे, म्हणजे वाफ्यात जाणारे पाणी सारखे राहते, तसे मेंदूतील लहान धमन्या रक्तदाब चढला की आकुंचन पावतात आणि उतरला की प्रसरण पावतात. निरोगी प्रौढात सरासरी धमनीदाब साधारण ६० ते १५० च्या दरम्यान असेपर्यंत मेंदूला होणारा रक्तपुरवठा त्यामुळे जवळजवळ स्थिर राहतो. हा सरासरी दाब दोन आकड्यांच्या बरोबर मधला नसून खालच्या आकड्याकडे झुकलेला असतो. १६०/११० या रक्तदाबाला तो १२७ च्या आसपास येतो, म्हणजे वरच्या मर्यादेच्या बराच खाली. तरीही या दाबाला, कधी त्याहून कमी दाबालाही, एक्लॅम्पसियाचे झटके येतात.

याचा उलगडा करणारी दोन मते दीर्घकाळ समोरासमोर उभी होती. एका मतानुसार चढत्या दाबाला उत्तर देताना मेंदूतील धमन्या प्रमाणाबाहेर आकुंचन पावतात, पुढच्या ऊतीला रक्त मिळत नाही आणि प्राणवायूच्या अभावी पेशींच्या आतच पाणी साचून त्या सुजतात. दुसऱ्या मतानुसार उलटे घडते: धमन्यांचे आकुंचन दाबापुढे हार मानते, रक्ताचा लोंढा केशवाहिन्यांपर्यंत पोहोचतो आणि आधीच दुबळ्या झालेल्या अंतःस्तरातून द्रव पाझरून पेशींच्या बाहेर, मधल्या जागेत साचतो. पहिली सूज पेशीजन्य, दुसरी वाहिनीजन्य. साध्या सीटी स्कॅनमध्ये दोन्ही सारख्याच काळपट दिसतात; एमआरआयच्या एका विशिष्ट पद्धतीत, जिच्यात पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजली जाते, त्या स्पष्टपणे वेगळ्या ओळखता येतात. डॅलसमधील गेर्डा झेमन यांच्या गटाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक्लॅम्पसिया झालेल्या २७ पैकी २५ स्त्रियांच्या मेंदूत वाहिनीजन्य सूज आढळली. कौल बहुतांशी दुसऱ्या मताच्या बाजूने गेला. परंतु त्याच २७ पैकी सहा जणींत काही भागाची ऊती मृत झाल्याच्या खुणाही होत्या, त्यामुळे पहिले मत पूर्णपणे निकालात निघाले असे म्हणता येत नाही. पाझर आधी आणि त्याच्या दाबाखाली रक्तपुरवठा तुटणे नंतर, असा क्रम बहुतेक अभ्यासकांना पटतो.

या चित्राला १९९६ मध्ये नाव मिळाले. बॉस्टनच्या जूडी हिंची आणि सहकाऱ्यांनी १५ रुग्णांचे वर्णन केले. त्यांत अवयवरोपणानंतरची औषधे घेणारे होते, अतितीव्र रक्तदाबाचे होते आणि तीन एक्लॅम्पसियाच्या स्त्रियाही होत्या. डोकेदुखी, गोंधळलेपणा, झटके, दृष्टी जाणे आणि मेंदूच्या मागच्या भागात सूज हे सर्वांत समान होते. हा लक्षणसमूह आज प्रेस या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. सूज मागेच का, याचे प्रचलित स्पष्टीकरण असे की रक्तवाहिन्यांना आकुंचनाची आज्ञा देणाऱ्या अनुकंपी चेतातंतूंचे जाळे मेंदूच्या पुढच्या भागातील धमन्यांभोवती दाट आणि मागच्या भागातील धमन्यांभोवती विरळ असते, म्हणून दाबापुढे आधी मागचा भाग उघडा पडतो. मिसिसिपी विद्यापीठातील वैद्यकीय केंद्रातून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात एक्लॅम्पसियाच्या ४७ पैकी ४६ स्त्रियांच्या चित्रांत प्रेस आढळला. तो एक्लॅम्पसियाचा क्वचित होणारा उपद्रव नसून बहुधा त्याचा गाभाच आहे, असे आता अनेक अभ्यासक मानतात.

दृष्टीचे केंद्र मेंदूच्या याच मागच्या भागात असते आणि डोळ्यांसमोर काजवे चमकणे, धुरकट दिसणे, दृश्याचा एखादा तुकडा नाहीसा होणे ही पूर्वलक्षणे तेथूनच येतात. क्वचित दृष्टी पूर्णपणे जाते. अशा वेळी बुबुळावर प्रकाश टाकला तर बाहुली नेहमीसारखी आकसते, कारण डोळा आणि त्यापासून निघणारी चेता शाबूत असतात. न दिसण्याचे कारण मेंदूच्या मागच्या भागातील सूज हे असते. कनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अशा १५ स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांचे अंधत्व कमीत कमी चार तास आणि जास्तीत जास्त आठ दिवस टिकले आणि सर्वांची दृष्टी परत आली. बाळाचे तोंड पाहण्याच्या वेळी अंधार आलेल्या बाईला आणि तिच्या घरच्यांना हे सांगण्याजोगे उत्तर डॉक्टरांकडे आहे, ही लहान गोष्ट नव्हे. दृष्टिपटल सुटल्यामुळेही या विकारात दिसेनासे होते, त्यामुळे डोळ्यांची तपासणी मात्र टाळता येत नाही.

इतर पूर्वलक्षणांत कपाळात किंवा डोक्याच्या मागे ठणकणारी, साध्या वेदनाशामकाने न थांबणारी डोकेदुखी येते. गुडघ्याखाली हातोडीने टिचकी मारताच पाय जोराने उडतो आणि पाऊल झटकन वर वळवून धरले तर घोटा लयीत थरथरत राहतो. बेंबीच्या वर, बरगड्यांच्या मधोमध दुखणे हे यकृताच्या आवरणावर ताण आल्याचे लक्षण आहे. मराठी घरांत डोकेदुखी, मळमळ आणि पोटाच्या वरच्या भागातील दुखणे हे तिन्ही एकत्र आले की त्याला पित्त म्हणून मोकळे होण्याची सवय आहे आणि सातव्या-आठव्या महिन्यानंतर हीच सवय महागात पडू शकते.

प्रत्यक्ष झटका बहुधा चेहऱ्याच्या स्नायूंच्या फडफडीने सुरू होतो, मग सर्व शरीर ताठ होते, श्वास क्षणभर थांबतो आणि त्यानंतर हातपाय लयीत झटकू लागतात. सारा प्रकार साधारण एक ते दीड मिनिटात संपतो आणि पुढे काही काळ बेशुद्धी किंवा गुंगी राहते. या काळात पोटातील बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात, पण आईचा श्वास सुरळीत झाला की बहुधा काही मिनिटांत सावरतात, म्हणून झटका चालू असतानाच शस्त्रक्रियेची घाई केली जात नाही; आधी आईला स्थिर केले जाते. तिला डाव्या कुशीवर वळवणे, तोंडातील लाळ बाहेर वाहू देणे, प्राणवायू देणे आणि पडण्यापासून जपणे एवढेच त्या मिनिटात करण्यासारखे असते. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने आकडी थांबते हा समज अजून पुरता गेलेला नाही. झटका तसाही मिनिटभरात थांबणार असतो आणि श्रेय कांद्याला मिळते. दातांमध्ये चमचा घालणे मात्र निरुपद्रवी नाही, कारण त्यातून दात मोडतात आणि श्वास अडकतो.

झटके भीतिदायक दिसतात, परंतु या विकारात मेंदूच्या कारणाने जे मृत्यू होतात त्यांत मोठा वाटा मेंदूतील रक्तस्रावाचा असतो. शीहन आणि लिंच यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शवविच्छेदनांच्या ग्रंथात मेंदूच्या पृष्ठभागावरील टाचणीच्या टोकाएवढ्या रक्तठिपक्यांपासून खोलवरच्या मोठ्या रक्तस्रावांपर्यंतची नोंद आहे. कोणत्या स्त्रीला असा रक्तस्राव होईल हे ओळखण्यासाठी पूर्वी रक्तदाबाच्या खालच्या आकड्याकडे पाहण्याची रीत होती. जेम्स मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पक्षाघात झालेल्या २८ स्त्रियांचा अभ्यास मांडला तेव्हा ही रीत चुकीची ठरली: ज्या २४ जणींच्या पक्षाघाताआधीच्या नोंदी उपलब्ध होत्या, त्यांपैकी २३ जणींचा वरचा आकडा १६० किंवा त्याहून अधिक होता, तर खालचा आकडा ११० पर्यंत फक्त तिघींचा पोहोचला होता. त्यानंतर वरचा आकडा १६० झाला की तातडीने उपचार करण्याचा नियम रूढ झाला. रक्तदाब एकदम खाली आणणेही धोक्याचे असते, कारण वार आणि सुजलेला मेंदू या दोघांनाही रक्त कमी पडते. म्हणून तो १४० ते १५० च्या घरात आणून ठेवतात. शिरेतून द्यायची औषधे आणि ती देताना लागणारी देखरेख सर्वत्र नसते, या अडचणीवर नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत ८९४ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने उत्तर शोधले. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथिलडोपा ही तिन्ही औषधे तोंडाने देऊन तीव्र रक्तदाब सहा तासांत आटोक्यात येण्याचे प्रमाण अनुक्रमे ८४, ७७ आणि ७६ टक्के निघाले. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात असू शकतील अशा गोळ्यांनी एवढे साधते, हा निष्कर्ष आपल्याच प्रांतातून निघाला याची मराठी वाचकाने नोंद घ्यावी.

झटक्यांवरच्या उपचारांचा इतिहास याहून वळणावळणांचा आहे. रशियातील स्त्रोगानोव्ह विसाव्या शतकाच्या आरंभी रुग्णेला अंधाऱ्या, निःशब्द खोलीत ठेवून मॉर्फिन आणि क्लोरल देत. मद्रासचे कृष्ण मेनन यांनी क्लोरप्रोमाझिन, प्रोमेथाझिन आणि पेथिडिन यांचे मिश्रण वापरले आणि १९६१ मध्ये ४०२ रुग्णांत २.२ टक्के मातामृत्यू नोंदवले. त्या काळाच्या मानाने हे यश मोठे होते आणि भारतभर ती पद्धत अनेक वर्षे चालली. अमेरिकेत मात्र १९२० च्या दशकापासून मॅग्नेशियम सल्फेट वापरात होते. मेंदूविकारतज्ज्ञांना ते पटत नव्हते, कारण अपस्मारावर ज्याचा उपयोग नाही असे एक साधे मीठ झटके कसे थांबवील, हा त्यांचा प्रश्न होता. १९९५ मध्ये भारतासह अनेक देशांतील सुमारे १,७०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीने वाद मिटवला: मॅग्नेशियम दिलेल्यांत पुन्हा झटका येण्याचे प्रमाण डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी आणि फेनिटॉइनच्या तुलनेत ६७ टक्क्यांनी कमी होते. पुढे २००२ मध्ये ३३ देशांतील १०,१४१ प्रीएक्लॅम्पसियाग्रस्त स्त्रियांवरील मॅगपाय चाचणीत पहिला झटका येण्याचा धोकाही ५८ टक्क्यांनी घटला.

तज्ज्ञांचा प्रश्न चुकीचा नव्हता. गृहीतक चुकीचे होते. एक्लॅम्पसियाचा झटका अपस्मारासारखा दिसला तरी त्याचा उगम रक्तवाहिनीच्या भिंतीत आहे. मॅग्नेशियम मज्जापेशींवरील ग्लुटामेटच्या एका ग्राहकाला अडवते, लहान धमन्या सैल करते आणि प्राण्यांवरील प्रयोगांत ते रक्त-मेंदू अडथळ्यातील पाझर कमी करतानाही दिसले आहे. रक्तदाब मात्र त्याने फारसा उतरत नाही, म्हणून त्यासाठी दुसरे औषध लागतेच. मॅग्नेशियमची मात्रा वाढली तर आधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया जाते, मग श्वास मंदावतो आणि त्यापुढे हृदय थांबते. हा क्रम ठरलेला असल्यामुळे परिचारिका प्रत्येक मात्रेपूर्वी गुडघा, श्वासाची गती आणि लघवीचे प्रमाण पाहते आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी हाताशी ठेवते. रक्ताची महागडी तपासणी न करता, एका हातोडीवर आणि घड्याळावर सुरक्षितपणे देता येणारे असे औषध दुर्मीळच. अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ प्रिचर्ड यांच्या मूळ मात्रा सडपातळ भारतीय स्त्रियांना जास्त होतात या विचाराने सोलापूरच्या सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये कमी मात्रेची पद्धत मांडली आणि देशातील अनेक प्रसूतिगृहांनी ती स्वीकारली, जरी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अजून पूर्ण मात्रेचीच आहे. भारतात एएनएमलाही (साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेला) रुग्णेला पुढे पाठवण्यापूर्वी दोन्ही नितंबांत पाच-पाच ग्रॅमची पहिली मात्रा देण्याची परवानगी आहे.

वार बाहेर आल्यावर रोगाचे मूळ निघून जाते, तरी अंतःस्तर सावरायला दिवस लागतात आणि धोका त्या दिवसांतही असतो. रक्तस्राव थांबवण्यासाठी सवयीने दिले जाणारे मिथिल अर्गोमेट्रिन धमन्या आवळते, म्हणून वाढलेला रक्तदाब असलेल्या बाळंतिणीला ते देत नाहीत. क्षणार्धात शिगेला पोहोचणारी डोकेदुखी हे मेंदूतील धमन्या तात्पुरत्या पण तीव्रपणे आकुंचन पावल्याचे लक्षण असू शकते. भारतीय बाळंतिणीच्या बाबतीत आणखी एक निदान डोळ्यांसमोर ठेवावे लागते, ते म्हणजे मेंदूतील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होणे. प्रसूतीनंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेलीच असते आणि बाळंतिणीला पाणी कमी देण्याच्या जुन्या रिवाजाने त्यात शुष्कतेची भर पडते. अशा गुठळीमुळेही डोकेदुखी आणि झटके येतात, पण तिच्यावरचा उपचार रक्त पातळ करण्याचा असतो. एका बाजूच्या हातापायाची शक्ती जाणे, मॅग्नेशियम चालू असूनही झटके येत राहणे किंवा शुद्धीवर न येणे असे काही दिसले की मेंदूचे चित्र काढणे म्हणूनच आवश्यक ठरते.

प्रेसच्या नावातच ही सूज पूर्ववत होणारी असल्याचा उल्लेख आहे, पण तो सर्वांच्या बाबतीत खरा नाही. झेमन यांच्या अभ्यासात ऊती मृत झाल्याच्या खुणा असलेल्या सहापैकी पाच जणींच्या चित्रांत काही आठवड्यांनंतरही बदल कायम होते. डेन्मार्कमधील सुमारे १२ लाख स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रीएक्लॅम्पसिया होऊन गेलेल्या स्त्रियांना रक्तवाहिन्यांच्या बिघाडाने होणारा स्मृतिभ्रंश इतरांच्या तुलनेत सुमारे साडेतीन पटींनी अधिक आढळला. हा स्मृतिभ्रंश मुळात विरळा आहे आणि दोन्ही विकारांचे कारण एकच असण्याचीही शक्यता आहे, हे मात्र लक्षात घ्यावे लागते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे एक्लॅम्पसिया होऊन काही वर्षे लोटलेल्या स्त्रियांच्या मेंदूच्या श्वेतद्रव्यात सुमारे ४० टक्के जणींत लहान ठिपके आढळले, तर तुलनेसाठी घेतलेल्या स्त्रियांत हे प्रमाण १७ टक्के होते. या स्त्रिया विसरभोळेपणाची आणि लक्ष न लागण्याची तक्रार करतात. पण स्मरणशक्तीच्या प्रमाणित चाचण्यांत त्या इतरांपेक्षा मागे पडत नाहीत. शांत खोलीत, एका वेळी एकच काम देऊन घेतलेल्या चाचणीत जे उघड होत नाही ते गोंगाटात, एकाच वेळी अनेक कामांचे व्यवधान सांभाळताना जाणवत असावे, असे एक स्पष्टीकरण त्या संशोधकांनी पुढे केले आहे.